विहिरीवर 'हाव' म्हणायचं नाही

आमच्या वऱ्हाडात 'ळ' फारसा कोणी उच्चारत नाही. डोळ्याला डोया म्हणतात, केळाला केय आणि गाळाला गाय. यातून एकदा झालेली गंमत आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात गंमत फार नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझ्या वडिलांच्या काळात आमच्याकडचे सरकारी कागद नागपूरला जात, आता ते मुंबई-पुण्याकडे जाऊ लागले होते. मी खामगावचा. नवाच ओव्हरसियर झालो होतो आणि जळगाव जामोदकडच्या गावांतल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी माझ्याकडे होत्या. त्यातल्या एका गावानं अर्ज केला की विहिरीत गाय फार झाला आहे, तो उन्हाळ्याआधी काढून द्यावा. लिहिणारा बोलतो तसंच लिहून मोकळा झाला होता. वरून उत्तर आलं: गाय कोणाच्या मालकीची, जिवंत आहे की मेलेली, आणि गुरांच्या डॉक्टरांना कळवलं का? तो कागद मी आठ दिवस खिशात घालून हिंडलो आणि दिसेल त्याला वाचून दाखवला. भाषा न कळणारी माणसं वर बसलीत, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. भाषा कळणाऱ्या माणसाच्या हातूनही चूक होऊ शकते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तेव्हा मी सगळ्यांशीच भांडायचो.

पूर्णेकाठचा तो पट्टा खाऱ्या पाण्याचा. नवी विहीर खणली तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं, गुरंसुद्धा मान फिरवतात. त्या गावात गोड पाण्याची विहीर एकच होती. आदल्या पावसाळ्यात नाल्याचा पूर थेट तिच्यात शिरला आणि झरे बुजले. आम्ही इंजिन लावून वरचं पाणी उपसलं तेव्हा खाली माणसाच्या कमरेइतका काळा, चिकट गाळ निघाला. तो हातानंच काढायचा होता.

काढणारं कुटुंब नांदुऱ्याकडचं. घरच्या कर्त्याला सगळे चाचा म्हणत; पन्नाशी ओलांडलेले, अंगानं सडसडीत, उभा जन्म विहिरींत गेलेला. खाली उतरायचे ते एकटेच, कारण दोघं उतरले की एकमेकांच्या पायात येतात असं त्यांचं मत. रोज सकाळी आधी पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचे. तो विझला नाही, तरच स्वतः उतरायचे. त्यांची बायको, चाची, वर काठावर बसायची, गाळाची डोल वर आली की ती तिच्या जवान पोराच्या मदतीनं बाहेर ओढून रिकामी करायची. डोल म्हणजे लोखंडाची, घंगाळाएवढी. तिला दोन कान होते आणि दोराच्या टोकाला दोन आकडे. दोन्ही आकडे दोन्ही कानांत अडकवले की डोल सरळ वर यायची.

ती वर ओढायचे बैल. मोटेसारखीच रीत होती: दोर चाकावरून यायचा, बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की डोल वर. बैल गावातल्याच एका म्हाताऱ्याचे होते. त्याला सगळे आबाजी म्हणत. आबाजींनी त्या जोडीला पोरांसारखं वाढवलं होतं. कधी काठी उगारली नाही, की शेपटी पिरगाळली नाही. "माह्या बैलाईले गोठ समजते," म्हणजे बोललेलं कळतं, असं ते म्हणायचे आणि मी हसायचो.

खुणेचा शब्द होता 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो'. चाचांनी खाली डोल भरली, दोन्ही आकडे लावले, बाजूला झाले की वर तोंड करून ओरडायचे, "हाऽव!" आबाजी धावेवर, विहिरीकडे पाठ करून उभे. त्यांना खालचं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. 'हाव' ऐकलं की बैल निघायचे. हा शब्द कोणी मुद्दाम ठरवलेला नव्हता. आमच्याकडे माणूस दिवसातून दोनशे वेळा हाव म्हणतो, तसा तो विहिरीतही म्हटला जाऊ लागला. त्यात काही चूक आहे असं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी दोर तपासायचो, चाकाला तेल घातलं का ते बघायचो, काठावर कोणी उगाच वाकलं की खेकसायचो, आणि आपण मोठे दक्ष आहोत असं समजायचो.

कामाचा नववा दिवस होता. गाळ गुडघ्याइतका उरला होता. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. चाची हंडा घेऊन प्यायचं पाणी आणायला गेली होती, पोरगा आधीच्या डोलीतला गाळ पसरत होता. मी काठाला टेकून चाकाकडे पाहत उभा होतो. पलीकडे लिंबाखाली चहा करणारा एक माणूस होता. त्यानं तिथूनच आवाज दिला, "साहेब, च्या घेता का?"

सकाळपासून चहा मिळाला नव्हता म्हणून मी चिडलेलोच होतो. मी मान वळवली आणि त्याला ऐकू जावं म्हणून जोरात ओरडलो, "हाव!"

चाक कुरकुरलं. दोर ताणला गेला. खालून चाचांचा आवाज आला, तो शब्द नव्हता, नुसता आवाज होता. त्यांनी तेव्हा एकच आकडा लावला होता. डोल एका कानावर वाकडी उचलली गेली, दोन पुरुष उंचीवर गेली आणि सुटली. भरलेली डोल त्यांच्या उजव्या पायावर पडली.

त्यांना वर कसं काढलं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. पोरगा दोराला धरून सरसर उतरला एवढं आठवतं. खाटेवर घालून त्यांना बैलगाडीनं सडकेपर्यंत नेलं, तिथून मिळालेल्या ट्रकनं खामगावला. वाटेत त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "कौन बोल्या?" गाडी आबाजीच हाकत होते, त्यांच्याच बैलांनी.

पाय वाचला, पण गुडघ्याखाली आखूड आणि वाकडा झाला. विहिरीत उतरणं संपलं.

आता मी जे केलं ते लिहितो. मला त्याच क्षणी कळलं होतं. चाक कुरकुरलं तेव्हाच कळलं होतं. पण गावात सगळे म्हणाले की म्हाताऱ्याला भास झाला, कान गेले त्याचे, वय झालं. आबाजी एकच सांगत राहिले: "मी ऐकलं ना बाप्पा. मी हाव ऐकलं." तिकडे दवाखान्यात चाचा म्हणत होते, मी बोललो नाही. आणि चाचा खोटं बोलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मग खोटं कोण ठरलं? मी अहवाल लिहायला बसलो आणि लिहिलं की अपघात बैल हाकणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्या वाक्याखाली माझी सही आहे.

आबाजींना त्याचा काय फरक पडला असेल हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. गावात त्यांचं वावर दोन-अडीच एकरांचं, बोलणं कमी, मान होता तो एवढ्याचसाठी की लग्नाचं वऱ्हाड असो, बाळंतिणीला माहेरी न्यायचं असो, लोक म्हणायचे आबाजीचीच गाडी सांगा. अपघातानंतर महिन्याभरात दोन लग्नं झाली. दोन्ही वेळा गाडी दुसऱ्याची होती. ते एकदा मला सडकेवर भेटले. मी घाईत असल्यासारखं दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, कागदावर मी चुकलो असं लेहा, हरकत नाई. पन मी ऐकलं, एवढं बी लेहून ठेवा." मी बघतो म्हणालो आणि पुढे गेलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे सांगून मला काही सूट घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थित जेवलो.

दरम्यान वरून सूचना आल्या. अपघाताची नोंद वाचून कोणीतरी गाळ काढताना घ्यायच्या काळजीचं छापील पत्रक धाडलं होतं. पण ते होतं बंदरातला गाळ काढणाऱ्या जहाजांसाठीचं! समुद्राची भरती-ओहोटी पाहूनच काम सुरू करावं, डेकवर तेल सांडू देऊ नये, प्रत्येकानं तरंगणारं जाकीट घालावं. पुन्हा गाय कोणाची, असंच म्हणायचं. मी ते रागारागानं चुरगाळणार होतो, तेवढ्यात खालची एक ओळ दिसली. यंत्र चालवणाऱ्याला इशारा देणारा माणूस एकच असावा, आणि तो इशारा इतर कुठल्याही बोलण्याशी सारखा नसावा. मी ती ओळ तीनदा वाचली. समुद्रावर बसून कोणीतरी आमच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं.

काम सहा आठवडे थांबलं होतं. गाव आता दीड मैलांवरून पाणी आणत होतं. चाचांच्या जागी त्यांचा पोरगा उतरायला तयार होता, त्यानंच दिवस ठरवला. मी दुसऱ्या एकाची बैलजोडी सांगून ठेवली. सकाळी पोचलो तर चाची विहिरीच्या तोंडाशी आडवी बसली होती. चाचाही आले होते, कुबड्या बाजूला ठेवून लिंबाखाली.

"पोरगा खाली नाई जाणार," ती म्हणाली.

"काऊन?" मी म्हणालो. माझा आवाज चढलाच. "सारं गाव तहानलं हाय. दोर नवा आनला, आकडे नवे आनले. आता काय राह्यलं?"

"हाव कोन म्हनलं ते राह्यलं." ती शांतपणे बोलत होती. "मी हंडा घेऊन येऊन राह्यली होती. मले बी ऐकू आलं, साहेब. पन तो माह्या बुढ्याचा आवाज नव्हता. चालीस साल झाले त्याले ऐकून राह्यली मी. आबाजी भाऊनं ऐकलं ते खरं हाय. मंग म्हनलं कोन? ते समजल्याबिगर मी माह्या लेकराले उतरू देणार नाई. आन् हे बैल नको. भाऊचेच बैल पायजे."

कोणीतरी जाऊन आबाजींना बोलावून आणलं. ते आले, कोणाकडे न बघता बैल धावेवर नेले, जुंपले, आणि रोजच्यासारखे विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. विहिरीत कोणी नव्हतं. नव्या दोराला रिकामी डोल लावून ती आम्ही तळाला सोडली होती. तीस-चाळीस माणसं जमली होती. चहावालासुद्धा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खाली बघितलं. तेव्हा मला कळलं की त्यालाही ठाऊक आहे, आणि तो माझ्या नोकरीला घाबरून गप्प बसला आहे.

चाची उठली आणि माझ्यासमोर आली. तिनं डोळे वटारले नाहीत, हात जोडले नाहीत. शेजारणीला काही विचारावं तसं विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही म्हनलं होतं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. खरं सांगतो, जिभेवर नाहीच आलं होतं. पण समोर धावेवर आबाजींची पाठ दिसत होती. खांदे थोडे उचललेले, ऐकण्यासाठी ताठ केलेली मान. इतक्या लोकांनी कान गेले म्हणून सांगूनही तो माणूस ऐकायला उभा होता.

"हाव," मी म्हणालो.

मी हळूच म्हणालो होतो. लिंबाखालच्या चाचांपर्यंतही ते गेलं नसेल. पण बैलांचे कान हलले. आबाजींनी तोंड उघडलं नव्हतं, कासराही हलवला नव्हता. उजव्या बैलानं पाय टाकला, मग डाव्यानं, आणि जोडी धावेवरून खाली निघाली. माझ्यामागे चाक कुरकुरलं. रिकामी डोल विहिरीच्या भिंतीला ठणठण आपटत पार काठापर्यंत वर आली.

आबाजी मागे वळले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग बैलांच्या मानेवर हात ठेवून रडले. मी त्यांच्यापाशी गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला धरलं आणि म्हणाले, "राहू द्या. आधी कागद दुरुस्त करा."

कागद त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. नवा अहवाल पाठवला, त्यात माझं नाव घातलं, चहा घेता का हा प्रश्नसुद्धा घातला. वरून खरमरीत पत्र आलं, वर्षभर मला बढतीच्या यादीतून वगळलं, आणि माझ्या वरच्या साहेबांनी समोर उभं करून जे काही ऐकवलं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. अहवालाची एक नक्कल मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. ती वाचता येणारी माणसं गावात थोडी होती, म्हणून पारावर मोठ्यानं वाचूनही दाखवली.

पण त्या सकाळी आधी विहिरीचं बघायचं होतं. नवा शब्द हवा होता, कोणीच कधी म्हणत नाही असा. लोकांनी बरेच सुचवले. 'चाल' तर बैलांना दिवसभर म्हणतात. 'राम राम' येणारा-जाणारा म्हणतो. 'बस' म्हटलं की पोरं सडकेकडे बघतात. मी खिशातून ते पत्रक काढलं आणि भरती-ओहोटीचं कलम वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. चाचा लिंबाखालून म्हणाले, "मंग तेच घ्या ना. समिंदर. इथं कोन म्हनते समिंदर? कोनं पाह्यला?"

खरंच कोणी पाहिला नव्हता. मीसुद्धा.

तो शब्द ठरला. खालून पोरानं "समिंदऽऽर" म्हणायचं, चाचीनं वाकून दोन्ही आकडे डोळ्यांनी बघायचे आणि मगच तिनं तो शब्द पुन्हा म्हणायचा. आबाजींनी ऐकायचं ते फक्त तिचं. बैलांना जुना शब्द विसरायला वेळ लागणार होता, म्हणून जू एका खुंट्याला दाव्यानं बांधायचं आणि चाचीचा आवाज आल्यावरच आबाजींनी ते हातानं सोडायचं. बैल चुकून निघालेच, तर दावं त्यांना धरून ठेवील. ही युक्ती आबाजींची. आणि विहिरीच्या आवारात कोणीही, कुठल्याही प्रश्नाला, हाव म्हणायचं नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. लोक माना हलवायचे, हात हलवायचे, "जी" म्हणायचे आणि स्वतःच लाजायचे. एकदा सरपंच विहिरीवर येऊन भाषण करू लागले आणि तिसऱ्या वाक्याला हाव म्हणाले. चाचीनं त्यांना हाताला धरून सडकेपर्यंत नेऊन सोडलं. अकरा दिवस रोज त्या कोरड्या विहिरीतून समिंदराच्या हाका येत राहिल्या. अकराव्या दिवशी पोराच्या पायाखाली झरा फुटला. पोरगा धडधाकट वर आला. पुढे मी जिथे जिथे विहिरीवर काम केलं तिथे आधी एक न बोलला जाणारा शब्द ठरवला, आणि दुसरं कलम म्हणून खुंटा आणि दावं. माझ्या हाताखालच्या कुठल्याही विहिरीत नंतर कोणाला इजा झाली नाही. पण चाचांचा पाय सरळ झाला नाही, हे त्याच्यापुढे लिहायलाच हवं.

मीही तो शब्द सोडला. आधी विहिरीवर, मग घरी. बायको विचारायची, भाजी वाढू का, तर मी मान हलवायचो. लोकांना वाटायचं पुणेरी साहेबांच्या संगतीनं हा शिष्ट झाला. मी कोणाला कारण सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त व्हायच्या थोडं आधी, त्या गावावरून जाताना आबाजींकडे गेलो. नव्वदीला टेकलेले ते फार थकले होते, खाटेवर बसूनच असायचे. बैल केव्हाच गेले होते, पण अंगणात तो खुंटा होता, विहिरीवरून आणून पुरलेला. सूनबाई चूल पेटवत होती. आबाजींनी विचारलं, "साहेब, च्या घेता का?"

मी मान हलवली.

त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. मग खाटेवर थोडे पुढे सरकले आणि कानामागे हात धरला. "मले दिसत नाई आता नीट. तोंडानं सांगा."

"जी, घेतो."

"तसं नाई," ते म्हणाले. "खाली कोनी नाई, साहेब. म्हना."